मॅच बघायला आम्ही कोल्हापूरला का जायचं?

गेले तीन आठवडे आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय चाललाय. कोल्हापूरला जायचं, शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघायची आणि त्याच रात्री परत यायचं. खूळ माझंच आहे, हे आधीच कबूल करतो. चाकणच्या तळेगाव चौकातल्या चहाच्या टपरीवर मी एका पोराला सहज विचारलं, "गाव कुठलं?" तो म्हणाला, "कोल्हापूर. जुना बुधवार." मी म्हणालो, "म्हणजे फुटबॉलवाला." त्यावर त्याचा चेहरा असा काही उजळला की बास. दोन वर्षं तो इथं एका व्हेंडरकडे प्रेस मशीनवर आहे, आणि या दोन वर्षांत फुटबॉलचं नाव काढणारा मी पहिलाच भेटलो, असं त्याचं म्हणणं.

मग तो सुरूच झाला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. ही नावं ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, हे सगळे कोल्हापूरचे फुटबॉल संघ आहेत, आणि यातले बरेचसे मुळात पेठेतल्या तालमी आहेत. म्हणजे जिथं लाल मातीत जोर-बैठका मारायच्या, गणपती बसवायचा, पेठेतली भांडणं मिटवायची (आणि काढायचीही), तिथूनच फुटबॉलचा संघ निघतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, १९४० पासूनची. छत्रपती घराण्याचा आश्रय आहे. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हंगाम चालतो, आणि मोठ्या सामन्याला स्टेडियम भरून जातं. टीव्हीवर दिसणारा कुणी तारा नाही, तरी तिकीट काढून लोक येतात. कारण समोर पळणारा पोरगा आपल्या गल्लीतला असतो. अलीकडे बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडूही येतात, पण बाकावर बसणारा माणूस पेठेचाच.

तर ठरलं. सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर करायची. चाकण ते कोल्हापूर जाऊन-येऊन साधारण साडेपाचशे किलोमीटर. गाडीवाल्याने किलोमीटरला चोवीस रुपये सांगितले. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे टोल दोन्ही वेळचे, शिवाय ड्रायव्हरचा भत्ता. पंधरा हजारांच्या आसपास. सतरा जणांत वाटले तर माणशी नऊशेच्या आत. दुपारचं जेवण कोल्हापुरात. तांबडा-पांढरा कुठं खायचा यावर ग्रुपमध्ये दोन तट पडले, त्यात मी पडलो नाही.

इथवर सगळं सोपं होतं. वार ठरवायची वेळ आली आणि गाडी अडकली.

पिंपरी-भोसरीच्या वर्कशॉपवाल्यांची सुट्टी गुरुवारी. चाकण फेज टूमधल्या चौघांची रविवारी. दोघांची सुट्टी फिरती, ती आदल्या आठवड्यात कळते. एक जण नाईटला. एकाची सेकंड, म्हणजे दुपारी तीनला आत आणि रात्री साडेअकराला बाहेर. शनिवारी सेकंड करून निघायचं तर तळेगाव चौकात यायलाच बारा वाजणार. रविवारी चारची मॅच बघून सहाला निघालो तरी चाकणला पोचायला मध्यरात्र उलटणार. सातारा-कागल रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम चालू आहे, त्यामुळे वेळेचा भरवसा नाही. आणि सोमवारी सकाळी साडेसहाला फर्स्ट. त्यातून केएसएचं वेळापत्रक कधी पुढं-मागं होईल सांगता येत नाही.

मग सुट्टी टाका, असं मी म्हणालो. म्हणजे मीच मूर्ख. एका पोराने मला सरळ हिशेब मांडून दाखवला. "दादा, गाडीचे नऊशे. एक दिवसाची हजेरी गेली, साडेपाचशे. महिन्यात एक खाडा झाला की हजेरी भत्ता पूर्ण कट. तो हजार. म्हणजे मला ही मॅच अडीच हजाराला पडती. आणि ठेकेदाराच्या डोक्यात नाव बसतं ते वेगळंच."

सतराचे नऊ झाले.

आता इथं काही जण म्हणतील, बरं मग, नका जाऊ. यूट्यूबवर बघा. थांबा जरा. मी हे सगळं गाडीभाड्यासाठी लिहीत नाहीये.

खरा दणका दिला तो कोल्हापुरातल्या एका जुन्या खेळाडूने. जुन्या बुधवारच्या पोराच्या ओळखीचे. जागा धरून ठेवायची, पार्किंग कुठं, हे विचारायला मी त्यांना फोन केला. माणूस एकदम मोकळा. "या की ओ! कवा येताय? जेवायला घरीच या." आणि मग सहज म्हणाले, "नुसतं बघायला कशाला येताय? तुमची टीम घिऊनच या. सकाळी पोरांबरोबर एक मॅच लावू. तुमच्याकडं तर एवढ्या कंपन्या. टीम असंलच की."

मी म्हणालो, बघतो.

काय बघणार? ज्या पट्ट्यात लाखो तरुण रोज गेटवर पंच मारतात, त्या पट्ट्यातून अकरा माणसं एका रंगाचा शर्ट घालून उभी करता येईनात. बाहेरगावच्या मैदानावर पाहुणा म्हणून जायचं, तर आधी स्वतःचं मैदान लागतं. आपल्याकडं ते नाही, म्हणून आपण पाहुणेही होऊ शकत नाही. आपण फक्त बघे.

ही काही आपल्या मातीची खोड नव्हे. बाहेरगावी सामन्याला जाणं आपल्याला कुणी शिकवायला नको. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, मावळ इथला गाडामालक यात्रेचा हंगाम आला की टेम्पोत बैल चढवून या घाटावरून त्या घाटावर फिरतो. त्याच्यामागं अर्धा गाव मोटरसायलवर. कबड्डीचे संघ टेम्पोच्या हौद्यात बसून गावोगाव जायचे आणि जिंकले की गुलालात न्हाऊन यायचे. माझे चुलते असेच एकदा शिरूरकडून पहाटे चालत परत आले होते, कारण टेम्पोवाला रुसून निघून गेला. आपल्या संघामागं गाव सोडून जाणं हे आपल्या रक्तात आहे. मग या तीस वर्षांत काय झालं, ते मला विचारायचंय.

आधी आपल्याकडं येऊन गेलेल्यांचं बघू. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. वाकडला लागूनच, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या उंबऱ्यावर. तिथं पुणे एफसी खेळायचा. २००७ मध्ये सुरू झालेला क्लब, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला, २०१५ ला बंद. डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये आला, २०१७ ला गाशा गुंडाळला. एफसी पुणे सिटी २०१४ ला इंडियन सुपर लीगबरोबर आला, 'ऑरेंज आर्मी' नावाने पोरं ढोल बडवायची, मीही दोनदा गेलो होतो. २०१९ ला तोही संपला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबादचा क्लब आला. बारा वर्षांत तीन क्लब आले आणि तिन्ही गेले. ढोलवाल्या पोरांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

आणि पाटाकडील तालीम? आहे तिथंच आहे. कारण ती कुणी विकत घेतली नव्हती, त्यामुळे कुणी विकूही शकत नाही. पेठ हलेल तेव्हा ती हलेल.

म्हणून मला कुणी सांगू नका, की साहेब, एखादा मोठा उद्योगपती आणू, फ्रँचायझी घेऊ, बालेवाडीला लाइट लावू. ते बघून झालं.

आता ज्यांच्या गेटवर आपण उभे असतो त्यांच्याकडं येतो. मार्च २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. त्या वेळी मी एका दैनिकाचा वार्ताहर होतो, बातमी मीही पाठवली होती, गुंतवणुकीचे आकडे घालून. त्याच वर्षी मे महिन्यात, तिकडं जर्मनीत, वुल्फ्सबुर्ग नावाचा क्लब बुंडेसलिगाचा विजेता झाला. वुल्फ्सबुर्ग हे गाव १९३८ मध्ये मोटार कारखान्यासाठीच वसवलेलं. आधी कारखाना, मग वस्ती, अगदी आपल्या फेज वन-टूसारखं. युद्ध संपल्या संपल्या, १९४५ मध्ये, तिथं क्लब निघाला. आज त्या क्लबाची मालकी फोक्सवॅगनकडेच आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ज्या ह्युंदाई मोटरने घेतला, तिचं नाव कोरियातल्या जेओनबुकच्या क्लबाच्या छातीवर आहे. म्हणजे या कंपन्यांना फुटबॉल म्हणजे काय हे ठाऊक नाही असं समजू नका. त्यांना ते आपल्यापेक्षा शंभरपट जास्त कळतं. त्यांच्या घरी ते करतात. आपल्या घरी त्यांना कुणी विचारलेलं नाही.

आपल्या देशी कंपन्याही मागे नव्हत्या. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा क्लब, कंपनीचाच, २००५-०६ ला राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता होता. २०१० ला बंद केला. त्याच सुमाराला चाकणला महिंद्रचा नवा कारखाना चालू झाला. कंपनीने त्या वेळी तळागाळातल्या, शाळकरी फुटबॉलकडे लक्ष देणार असं सांगितलं होतं, आणि तो त्यांचा निर्णय. मला खुपतं ते वेगळं. संघ बंद झाल्याची बातमी क्रीडा पानावर आली, कारखाना सुरू झाल्याची अर्थ पानावर. दोन्ही पानं एकत्र ठेवून कुणी वाचली नाहीत. मीही नाही.

वुल्फ्सबुर्ग वगैरे मोठी नावं झाली. मला खरं आवडतं ते इंग्लंडमधल्या छोट्या क्लबांचं. तिथं वरच्या चार विभागांच्या खाली जे शेकडो क्लब खेळतात, त्यांना मिळून 'नॉन-लीग' म्हणतात. कुणी सुतार, कुणी शिक्षक, कुणी ड्रायव्हर. लिव्हरपूलच्या जवळ एल्समीर पोर्ट नावाचं कारखान्याचं गाव आहे, तिथं व्हॉक्सहॉल या मोटार कंपनीच्या कामगारांतून १९६३ मध्ये निघालेला व्हॉक्सहॉल मोटर्स नावाचाच क्लब होता. टोपणनाव 'मोटरमेन'. आपल्या भाषेत गाडीवाले. अशा क्लबांचे समर्थक शनिवारी सकाळी बस करून दुसऱ्या गावच्या तेवढ्याच छोट्या मैदानावर जातात. मैदान म्हणजे एक पत्र्याची शेड, कठड्याला टेकून उभी असलेली दोन-तीनशे माणसं आणि चहाची खिडकी. २०१० पासून तिथं वर्षातला एक शनिवार खास नॉन-लीगचा पाळतात. मोठ्या क्लबांचे सामने नसतात तेव्हा लोकांनी आपल्या गावच्या मैदानावर जावं म्हणून.

बघा, एवढंसंच आहे सगळं. पत्र्याची शेड आणि चहा. चाकणमध्ये पत्र्याच्या शेड आणि चहा या दोन गोष्टींची तर कधीच टंचाई नव्हती.

टंचाई आहे ती जागेची, आणि माणसाच्या मुक्कामाची.

जागेचं आधी बोलू. मला चाकण, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी या भागात कुणीही, पैसे न भरता, संध्याकाळी जाऊन खेळेल असं, दोन्ही बाजूंना गोलपोस्ट असलेलं पूर्ण मापाचं एक मैदान दाखवा. फोटो टाका खाली, मी ही पोस्ट मागं घेईन. टर्फ दाखवू नका. टर्फ म्हणजे जाळीतला धंदा, तासाला हजाराच्या आसपास, त्याला मैदान म्हणत नाहीत. शाळेचं दाखवू नका, त्याला कुलूप असतं. एमआयडीसीच्या आराखड्यात मोकळ्या जागा आणि सुविधा भूखंड असतात, ते कागदावर हिरव्या रंगात छान दिसतात. प्रत्यक्षात तिथं कंटेनर उभे. आमच्या या नऊ जणांनी फोन झाल्यावर ईर्ष्येने एक रिकामा प्लॉट शोधला, दोन गुरुवार खेळलेही. तिसऱ्या वेळी वॉचमन काठी घेऊन आला. त्याचंही काही चुकलं नाही. तोही ठेकेदाराचाच माणूस, तोही बीडचा. जाताना म्हणाला, "मलाबी खेळायचंय राव, पण नोकरी जाईल."

पिंपरी-चिंचवडला निदान नेहरूनगर आहे. मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे, डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची राष्ट्रीय हॉकी स्पर्धा तिथं झाली. म्हणजे महापालिकेने मनावर घेतलं तर होतं. पण तिथंही 'आपला' संघ कुठला, ज्याच्यासाठी नेहरूनगरच्या चाळीतला माणूस बाहेरगावी जाईल? आणि इंद्रायणी ओलांडून चाकणकडे आलं की तेवढंही नाही. इथं २०१५ ला नगरपरिषद झाली. त्याआधी ग्रामपंचायत. कारखाने जगाच्या दर्जाचे आणि गाव ग्रामपंचायतीच्या मापाचं, हे आपण इतकी वर्षं चालवून घेतलं.

मला एक दिवस नेहमी आठवतो. १५ सप्टेंबर २०१७. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात व्हायचा होता, म्हणून राज्य सरकारने एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरवलं. शाळाशाळांत चेंडू वाटले. मी एका शाळेत बातमीला गेलो होतो. पोरं नुसती पिसाटली होती. पुढाऱ्याने किक मारली, फोटो झाला. वर्षभराने दुसऱ्याच कामाला त्या शाळेत गेलो, तर चेंडू कपाटावर, हवा गेलेला, शेजारी गणपतीची आरास. गुरुजी म्हणाले, "पंप नाही आणि मैदानावर नवीन वर्ग बांधतायत." त्या विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. तो काही त्या एका दिवसाच्या चेंडूतून निघाला नव्हता. ज्या गावात रोज फुटबॉल चालतो त्या गावातून निघाला होता.

आता मुक्कामाचं.

आमच्या वडिलांच्या पिढीत पिंपरी-आकुर्डीचा कामगार तीस वर्षं एका गेटवर असायचा. त्याला कॉलनी असायची, युनियन असायची, कंपनीचा कबड्डीचा संघ असायचा, आणि चांगला चढाई करणाऱ्याला नोकरीसुद्धा मिळायची. आजचा पोरगा अकरा महिन्यांचा. कुणी सात महिन्यांचा. कुणी ट्रेनी, कुणी अप्रेंटिस, कुणी ठेकेदार एकचा, कुणी ठेकेदार दोनचा. एकाच लाइनवर शेजारी उभे, पण बिल्ल्याचा रंग वेगळा. काँट्रॅक्ट संपलं की ब्रेक, मग दुसरं गेट, दुसरी खोली, पुन्हा डिपॉझिट. मला सांगा, हा कुणाचा संघ आपला म्हणेल? मोसम संपायच्या आत याचा गेटपास संपतो.

आणि मग पेपरवाले, म्हणजे आम्हीच, बातम्या करतो. परप्रांतीय टोळक्याची हाणामारी. रूमवर दारू पिऊन खून. ऑनलाइन जुगारात तरुणाची आत्महत्या. अहो, बारा तास मशीनवर उभं राहून दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांत झोपणाऱ्या पोराला सुट्टीच्या दिवशी जायला तुम्ही ठेवलंय काय? बार ठेवलाय आणि मोबाइल ठेवलाय. बिहारचा, उस्मानाबादचा, यवतमाळचा आणि चाकणचा पोरगा एका बाजूने ओरडतील अशी एक तरी जागा आपण ठेवलीय का? यात्रेत तो बघ्या, गणपतीत तो बघ्या, निवडणुकीत तर तो मोजलाच जात नाही. मैदानात मात्र गाव विचारत नाहीत, पास देतोस का विचारतात.

आता तुमच्या प्रतिक्रिया मला पाठ आहेत.

"पत्रकार, आधी चाकणच्या ट्रॅफिकवर लिहा." लिहितोय की. तळेगाव चौक, आंबेठाण चौक, माणिक चौक यांच्यावर मी जेवढं लिहिलंय तेवढं कुणी आपल्या बायकोला पत्रांत लिहिलं नसेल. पण कोंडी आणि मैदान ही एकाच घोळाची दोन टोकं आहेत. प्लॉट पाडले, रस्ता नंतर बघू म्हणाले. माणसं आणली, ती राहणार कुठं आणि खेळणार कुठं ते नंतर बघू म्हणाले. ते 'नंतर' अजून यायचंय.

"क्रिकेट आहे की." आहे. अमुक चषक, तमुक चषक, डीजे, एलईडी, मालिकावीराला मोटरसायकल. बैलगाड्याच्या शर्यतीत तर जेसीबी बक्षीस ठेवलेला आपण बघितलाय. पैसा नाही असं म्हणायची सोयच राहिली नाही. पण त्या चषकांना निवडणुकीचा वास असतो आणि निवडणूक झाली की मांडव उठतो. कोल्हापुरातही पुढाऱ्यांचे चषक आहेत, हे मला माहीत आहे. फरक इतकाच, की तिथं चषक आले-गेले तरी केएसएची लीग दर हंगामाला असते. आणि हो, शर्यतीच्या विरोधात मी नाही, उगाच भंडारा माझ्यावर उधळू नका.

"कोल्हापुरात मारामाऱ्या होतात." होतात. दगडफेक झालीय, पोलिसांनी काठ्या चालवल्यात. ते वाईटच आहे, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण तालमीचा संघ असल्यामुळे निदान कुणाला बोलवून झापायचं हे तिथं माहीत असतं.

"पैसे कोण देणार?" हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. तुमची जून आणि डिसेंबरची पगाराची स्लिप काढा. कामगार कल्याण निधी म्हणून एक कपात दिसेल. हल्ली सहा महिन्याला तुमचे २५ रुपये आणि मालकाचे ७५. ही काही आजची गोष्ट नाही, १९५३ चा कायदा आहे. त्यातून कामगार कल्याण मंडळ चालतं, त्यांच्या कबड्डी आणि नाट्य स्पर्धा होतात, चांगल्या होतात. मग चाकणच्या फुटबॉलला त्यातला वाटा मागायला आपण कधी गेलो? दुसरं, कंपनी कायदा २०१३. ठराविक नफ्याच्या वरच्या कंपनीने सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळ आणि ऑलिम्पिकमधल्या खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. फुटबॉल ऑलिम्पिकमध्ये आहे, हे सीएसआरच्या साहेबांना सांगायला लागू नये. बाकडी आणि वॉटर प्युरिफायर वाटून झाले असतील तर जरा इकडं बघा.

मागणी फार मोठी नाही. एमआयडीसीने एक सुविधा भूखंड मैदान म्हणून बाजूला काढावा आणि त्याला कुलूप लावू नये. उद्योजकांच्या संघटनांनी कंपन्यांचे आठ संघ उभे करावेत. अट एकच, त्या गेटवर पंच मारणारा प्रत्येक जण संघात बसला पाहिजे, मग तो कायम असो, ठेकेदाराचा असो नाहीतर ट्रेनी. काँट्रॅक्ट संपलं तरी हंगाम संपेपर्यंत त्याचं नाव यादीत राहावं. सामने गुरुवारी आणि रविवारी, संध्याकाळी साडेचारला, म्हणजे फर्स्टवाला अंघोळ करून येईल. आणि सामना आहे म्हणून अर्धा दिवस मागणाऱ्याचा हजेरी भत्ता कापू नये. स्टेडियम नको, उद्घाटन नको. माझ्यापुरतं बोलायचं तर पहिल्या हंगामाची प्रत्येक मॅच मी कव्हर करीन, गोल करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव छापून. हे निवेदन म्हणून टाइप करून ठेवलंय. सह्या गोळा करतोय. पुढच्या आठवड्यात एमआयडीसीच्या कार्यालयात आणि नगरपरिषदेत देणार आहे, ज्यांना सोबत यायचंय त्यांनी कळवा.

जुन्या बुधवारच्या त्या पोराचं काँट्रॅक्ट पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला संपतंय. नंतर कुठं, त्याला माहीत नाही. रांजणगाव म्हणतोय. कालच त्याचा मेसेज आला, "दादा त्याच्या आत जाऊ, नंतर माझं काय सांगता येत नाही." बूट त्याने गावाहून मागवून घेतलेत. एसटीच्या पार्सलने.

म्हणून ठरलंय. येत्या शनिवारी रात्री पावणेबाराला गाडी तळेगाव चौकातून सुटेल, सेकंडवाल्यांसाठी एवढं थांबू. मोशी टोलनाक्याच्या जुन्या जागेजवळ दोघे चढतील, नाशिक फाट्याला तिघे. कोल्हापूरवाल्यांना मी कळवलंय की टीम घेऊन येतोय. नऊ जण आहोत. सकाळी सात वाजता मॅच आहे, त्यांची पोरं आमच्याकडून दोघं उसनी खेळणार होती, पण ते मला पटत नाही. दोन माणसं हवीत. एक जण गोलकीपर असला तर फारच बरं, नाहीतर मला उभं राहावं लागेल आणि माझं वय सेहेचाळीस आहे. माणसं कमी झाल्याने भाडं आता माणशी साडेतेराशेच्या आसपास येतंय. ज्याला जड जात असेल त्याने मला इनबॉक्समध्ये सांगा, बघू. सोमवारी फर्स्ट असलेल्यांना पहाटे पाचच्या आत खोलीवर सोडायची जबाबदारी माझी.